नाव आणि जन्मतारीख

"तुझं नाव सॅम नाहीये," हे रत्नमालामावशींचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

सिएटलजवळच्या बॉथेलला राहायला येऊन मला तेव्हा आठवडासुद्धा झाला नव्हता. कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात रांगेत उभा राहून मी नागपूरला भावाशी फोनवर बोललो होतो, "हां दादा, हृषीकेश बोलतोय," वगैरे. फोन ठेवला आणि काउंटरवरच्या मुलीला सवयीने 'सॅम' असं नाव सांगितलं. अमेरिकेत हृषीकेश म्हटलं की समोरचा माणूस आधी घाबरतो, मग माफी मागतो आणि शेवटी कपावर जे लिहितो ते वाचून आपण घाबरतो. त्यापेक्षा सॅम बरा. पण माझ्या मागे जांभळा स्वेटर आणि नर्सचे पांढरे बूट घातलेली सत्तरीची एक बाई उभी होती. तिने मला मराठीत सुनावलं आणि काउंटरवरच्या मुलीला माझ्या नावाचं एकेक इंग्रजी अक्षर सांगितलं. मागचे लोक घड्याळं बघत होते. मुलीने एक अक्षर खाल्लं, तर मावशींनी कप बदलायला लावला.

"मावशी, कॉफीच तर आहे. जाऊ द्या ना," मी म्हणालो.

"आज कॉफी आहे. उद्या ऑपरेशन असेल. मग काय करशील?"

पुढे कळलं की त्या माझ्या शेजारच्याच घरात राहतात. भिंत सामाईक. तिच्यातून त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मला मोजता येत आणि माझी ऑफिसची भांडणं त्यांना ऐकू जात.

मावशी मूळच्या नागपूरच्या, रत्नमाला काश्यप मेश्राम. ऐन पंचविशीत नर्स म्हणून अमेरिकेत आल्या आणि निवृत्त होईपर्यंत सिएटलच्या एका हॉस्पिटलात राहिल्या. इथल्या हॉस्पिटलात साधी डोकेदुखीची गोळी द्यायची तरी नर्स पेशंटला नाव आणि जन्मतारीख विचारते आणि मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघते. मावशींनी हे इतकी वर्षं केलं की निवृत्त झाल्यावर थांबवता येईना. दारावर बेल वाजली की आतून आधी आवाज यायचा, "नाव आणि जन्मतारीख?" मी वाटीभर पोहे घेऊन जायचो तेव्हाही. एकदा पिझ्झा घेऊन आलेल्या माणसाने बिचाऱ्याने खरंच जन्मतारीख सांगून टाकली. मावशींनी त्याला बसवून चहा पाजला, कारण तो त्यांच्या मुलीच्याच महिन्यातला निघाला.

त्यांना रत्ना म्हटलेलं चालत नसे. माला तर नाहीच. जवळच्या बेलव्ह्यू गावात आमच्या मराठी मंडळाचा कार्यक्रम होता तेव्हा कोणीतरी हौसेने छातीला लावायच्या चिठ्ठ्या छापून आणल्या होत्या आणि मावशींच्या चिठ्ठीवर 'रत्नाताई' असं होतं. मावशींनी पेन मागून घेतलं आणि तिथेच उभं राहून 'रत्ना'चा काना खोडून मधे 'माला' घुसडलं. "नाव मोडू नये," म्हणाल्या. "मोडलेलं नाव पुन्हा जोडायला लई वर्षं लागतात." मला वाटलं, म्हातारपणाचा हेका.

हाच हेका टोनीने त्यांच्यात पहिल्यांदा ओळखला. टोनी म्हणजे अँथनी बेलोमो, हॉस्पिटलच्या बॉयलरवर काम करायचा. इटालियन घरातला, पण जन्म आणि आयुष्य सगळं इथलं. मी इथे आलो त्याच्या आधीच तो गेला होता, त्यामुळे मला माहीत आहे तो फक्त मावशींच्या तोंडचा. वॉर्डातला हीटर दुरुस्त करायला आला असताना त्याने यांचं नाव विचारलं. यांनी सांगितलं. त्याने परत सांगायला लावलं, तळहातावर पेनाने लिहून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्यावर पूर्ण 'रत्नमाला' म्हणाला. मग दोघं नागपूरला गेले, विहारात लग्न झालं, टोनीने पांढरा कुर्ता घालून त्रिशरण म्हटलं.

"एवढ्यावर लग्न केलंत?" मी विचारलं होतं.

"एवढं तरी कुठे मिळून राहिलं होतं?" मावशी म्हणाल्या.

त्यांना एकच मुलगी, मीरा. हॉस्पिटलात जन्माचा फॉर्म मावशींनीच भरला. त्यात पहिलं, मधलं आणि शेवटचं अशा तीन चौकटी होत्या. आपण मराठी माणसं मधल्या चौकटीत जे लिहितो तेच त्यांनी लिहिलं, म्हणजे बापाचं नाव. मीरा अँथनी बेलोमो. झालं. पोरगी शाळेत जायला लागली आणि मुलं विचारायला लागली, तुझं मधलं नाव मुलाचं कसं? चौदाव्या वर्षी मीराने मधे नुसता 'ए' लिहायला सुरुवात केली. कोणी विचारलं तर सांगायची, ॲना. मावशींना कळलं तेव्हा त्या आठवडाभर तिच्याशी बोलल्या नाहीत. मीरा मराठी सगळं समजते, उत्तर मात्र इंग्रजीत देते.

मी शेजारी राहायला आलो तेव्हा मीरा चौतीस वर्षांची होती आणि इटलीत तुरीनच्या एका प्रयोगशाळेत काम करत होती. काम तिच्या आवडीचं, साहेब चांगला, पण नोकरी कराराची. करार संपला की राहण्याचा परवाना संपला. दर वर्षी नवे कागद, नवी रांग, आणि मधेच कधीतरी "या वर्षी होईल असं वाटत नाही" असा मेल. हे दुखणं मला नव्याने समजावून सांगायची गरज नव्हती. मी स्वतः व्हिसावर आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत माझा नंबर बहुधा माझ्या नातवाला लागेल. म्हणूनच मावशी एक दिवस फाइल घेऊन माझ्या टेबलावर बसल्या तेव्हा मी ऑफिसची मीटिंग कॅन्सल केली.

टोनीची आजी रोझालिया सिसिलीतल्या एका गावात जन्मली होती. इटलीचा तेव्हाचा कायदा असा होता की आपल्या रक्ताचा पूर्वज इटालियन निघाला तर तुम्हीही इटालियन, मग मधे कितीही पिढ्या गेल्या असोत. मीराला नागरिकत्व मिळालं तर परवाना, करार, रांग सगळं एका झटक्यात संपणार होतं. अडचण एकच. टोनीचे आजोबा लवकरच अमेरिकन होऊन बसले होते, त्यामुळे त्यांच्या बाजूची वाट बंद. उरली आजी. आणि आजीचा मुलगा, म्हणजे टोनीचा बाप, जन्मला त्या काळी इटलीत बाई आपलं नागरिकत्व मुलाला देऊ शकत नव्हती. पुरुषच देणार. नंतर तिथल्या कोर्टांनी हा अन्याय मान्य केला, पण कचेऱ्यांनी केला नाही. म्हणून बाईकडून वारसा सांगायचा असेल तर थेट कोर्टात दावा लावावा लागतो. आमचा लागणार होता सिसिलीतच, पालेर्मोला.

"म्हणजे नऊ महिने तिने वागवायचं आणि देताना हिशेबात धरायचं बापाला," मावशी म्हणाल्या.

"आणि मुलीच्या मधल्या चौकटीत अँथनी कोणी लिहिलं?" मी विचारलं.

"ते वेगळं," असं म्हणून त्यांनी फाइल पुढे सरकवली.

पुढचं सव्वा वर्ष आम्ही कागद गोळा केले. रोझालियाच्या जन्माचा दाखला सिसिलीतून आला. तिच्या मृत्यूचा इथला दाखला मागवला, तर त्यात ती रोझ झालेली. बेलोमोमधले दोन 'एल' कुठे दोन होते, कुठे एक. प्रत्येक कागदावर सरकारी शिक्का, प्रत्येकाचं इटालियन भाषांतर. माझी कामाची सवय चुका शोधायची, मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, तरी मावशी माझ्या पुढे असायच्या. भिंगाखाली कागद धरायच्या आणि मला मोठ्याने अक्षरं वाचायला लावायच्या. पालेर्मोच्या वकीलबाई व्हिडिओवर यायच्या. चाळिशीच्या, घाईच्या, सतत हात हलवणाऱ्या. मीराचा जन्मदाखला बघून त्यांनी विचारलं, मुलीच्या नावात अँथनी ही टायपिंगची चूक आहे का, दुरुस्त करून घेणार का? मावशींनी त्यांना अर्धा तास मराठी नावाची रचना शिकवली. वकीलबाईंनी उलट सांगितलं की इटलीत लग्न झालं तरी बाईचं माहेरचं नावच कागदोपत्री कायम राहतं. मावशी खूश. "हा एक नियम शहाणा आहे त्यांचा," म्हणाल्या.

डिसेंबरपर्यंत सगळं जमलं होतं. उरला एकच कागद, टोनी आणि मावशींच्या लग्नाचा नागपूरचा दाखला. दादाने तो कचेरीतून काढून पाठवला. मावशींनी भिंग धरलं आणि ते तसंच धरून बसल्या.

दाखल्यावर वधूचं नाव होतं रत्नमाला कचरू मेश्राम.

मला आधी त्यातलं काहीच कळलं नाही. मग मावशींनी सांगितलं. त्यांच्या वडिलांना घरात किसन म्हणत. शाळेत घालायला आजी घेऊन गेली तेव्हा मास्तरने नाव विचारलंच नाही. "तुमच्यात कचरूच असतं," म्हणाला आणि तेच लिहिलं. सगळं बालपण त्या नावाखाली गेलं. दीक्षा घेतली तेव्हा त्यांनी काश्यप हे नाव निवडलं, सरकारी गॅझेटात छापून आणलं, आणि गॅझेटचं ते पान चौकटीत घालून भिंतीवर लावलं. ते कापड गिरणीत होते. गिरणीच्या बुकात मात्र जुनंच नाव. हजेरीला मुकादम ओरडायचा, "कचरू!" वडील त्याच्या समोर उभे असायचे आणि 'ओ' द्यायचे नाहीत. मुकादम खाडा लावायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. किती खाडे लागले कोण जाणे, पण शेवटी मुकादमानेच बुकात काश्यप लिहिलं. आणि मावशींच्या लग्नाची नोंद करताना कोणा कारकुनाने वडिलांच्या शाळेच्या जुन्या दाखल्यावरून ते नाव परत उतरवून घेतलं होतं. इतक्या वर्षांत कोणी वाचून बघितलं नव्हतं. मावशींनीसुद्धा नाही, आणि हे त्यांना सगळ्यात जास्त लागलं.

वकीलबाईंच्या दृष्टीने ही किरकोळ गोष्ट होती. रक्ताची ओळ रोझालिया, तिचा मुलगा, टोनी, मीरा अशी. त्यात रत्नमाला येत नाही, मग रत्नमालाच्या बापाचं नाव कोण बघतं? आत्ता दावा दाखल करू, दुरुस्त दाखला आला की मागाहून जोडू, त्या म्हणाल्या. मीराही फोनवर तेच म्हणाली. "आई, जस्ट फाइल इट. प्लीज."

"नाही," मावशी म्हणाल्या. "कोर्टात गेलेला कागद कोर्टातच राहतो. माझा बाप कचरू म्हणून इटलीच्या कोर्टात जाणार नाही."

मी चिडलो. आज लपवण्यात अर्थ नाही, चांगलाच चिडलो. सव्वा वर्षाचे माझे शनिवार-रविवार त्या फाइलीत गेले होते. "मावशी, काय फरक पडतो?" मी म्हणालो. "तिथे मराठी कोणाला कळतंय? त्यांना कचरू काय नि काश्यप काय!"

मावशींनी भिंग खाली ठेवलं. "तुझ्या आजोबांचं नाव काय?"

"विनायक."

"मग तुला काय फरक पडणार आहे?"

मी घरी निघून आलो. त्या दिवशी भिंतीपलीकडे कुकर लागला नाही.

मग नागपूरच्या कचेरीचा खेळ सुरू झाला. दादा दर आठवड्याला जायचा. आज साहेब दौऱ्यावर, उद्या रजिस्टर बांधणीला, परवा प्रतिज्ञापत्र आणा. गॅझेटचं पान दिलं तर मूळ प्रत मागितली, मूळ प्रत दिली तर कारकून म्हणाला की एवढा जुना कागद हाताळायची जबाबदारी आम्ही घेत नाही. फेब्रुवारीत दुरुस्त दाखला हातात पडला. वडील काश्यप झाले होते, पण नव्याने टाइप करताना नवरा अँथनीचा अनंत झाला होता. अनंत बेलोमो! मला हसू आवरेना आणि दादा फोनवर शिव्या देत होता. मावशी हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. "परत पाठव," एवढंच म्हणाल्या. मी म्हणालो, आता तरी दावा टाकू या. "एका बापाचं नाव नीट करायला दुसऱ्या बापाचं मोडू?" त्या म्हणाल्या. मीराने त्या महिन्यात तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी ती स्पीकरवर ओरडत होती, ते भिंतीतून मला ऐकू आलं.

मार्च संपत आला असताना एका शुक्रवारी सकाळी वकीलबाईंचा मेल आला. मी तो दोनदा वाचला आणि शेजारी गेलो. त्या दिवशी मावशींनी दारावर नाव विचारलं नाही, म्हणजे मीराचा फोन आधीच येऊन गेला होता. इटलीच्या सरकारने कायदा बदलला होता. आता फक्त आईबाप किंवा आजीआजोबांपर्यंतच. रोझालिया टोनीची आजी, मीराची पणजी. टोनी जिवंत असता तर त्याला मागता आलं असतं, मीराला नाही. आदल्या दिवसापर्यंत ज्यांचे दावे दाखल झाले होते त्यांना जुना कायदा लागू. आमची फाइल टेबलावर होती, दोऱ्याने बांधलेली, एक कागद कमी.

मला बोलायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. "डिसेंबरमध्ये टाकला असता तर..."

"माहीत आहे," मावशी म्हणाल्या. फाइलीचा दोरा आवळत पुन्हा म्हणाल्या, "माहीत आहे मला, हृषीकेश." पूर्ण नाव घेऊन.

दुरुस्त दाखला त्यानंतर अकरा दिवसांनी आला. रत्नमाला काश्यप मेश्राम, अँथनी बेलोमो, एकही चूक नाही. कुरिअरवाल्याला मावशींनी नाव विचारलं, सही केली आणि पाकीट फाइलीत ठेवून दिलं. वकीलबाईंचं म्हणणं होतं की नव्या कायद्याविरुद्ध लोक वरच्या कोर्टात गेले आहेत, तुम्हीही दावा लावून बघा, आशा मात्र थोडी आहे. मावशींनी लावला, मीराची सही वकीलबाईंनीच परस्पर घेतली. मला अजूनही समजत नाही की ज्या दाव्यात दम होता तो त्यांनी थांबवला आणि ज्यात नव्हता तो टाकला. मी त्यांना तसं तोंडावर बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, "हा पूर्ण आहे." या उत्तराचा मला तेव्हाही राग आला आणि आजही येतो. खाडा लावून घ्यायचा तर माणसाने स्वतःला लावून घ्यावा, इथे तो पोरीला लागला होता.

मीराचा करार उन्हाळ्यात संपला आणि वाढला नाही. मलाही त्याच सुमाराला देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, अल्फारेटाला बदली घ्यावी लागली, नाहीतर नोकरी जात होती. बॉथेलमधल्या माझ्या शेवटच्या आठवड्यात मीरा परत येणार होती. मावशी हल्ली हायवेवर ड्राइव्ह करत नाहीत, म्हणून विमानतळावर मीच त्यांना घेऊन गेलो. मायलेकी चार महिने एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. येण्याची तारीख मीराने मलाच कळवली होती, त्यांना नाही.

मावशींनी येताना पुठ्ठ्याची एक पाटी आणली होती. टॅक्सीवाले धरतात तशी. त्यावर ठळक देवनागरीत लिहिलं होतं, मीरा अँथनी बेलोमो. आजूबाजूला फुलं आणि फुगे घेऊन लोक उभे होते आणि मावशी दोन्ही हातांनी पाटी छातीशी धरून जांभळ्या स्वेटरमध्ये उभ्या होत्या. मी म्हणालो, "मावशी, ती ओळखेल तुम्हाला." त्यांनी पाटी आणखी वर धरली.

मीरा दोन मोठ्या बॅगा ट्रॉलीवर घालून आली. आईपासून चार पावलांवर थांबली. चेहरा घट्ट. पाटी वाचली. मला वाटलं, आता ही वळून टॅक्सीच्या रांगेत जाणार.

"नाव?" मावशींनी विचारलं. आवाज वॉर्डातला होता.

"आई, डोन्ट."

"नाव?"

"मीरा."

"पूर्ण."

मीराने वर छताकडे बघितलं. मग हळूच पण नीट म्हणाली, "मीरा अँथनी बेलोमो."

"जन्मतारीख?"

मीराचे डोळे भरून आले होते आणि तोंड रागाने वाकडं झालं होतं, दोन्ही एकदम. मग ट्रॉली तिथेच सोडून ती पुढे आली.

"यू वेअर देअर दॅट डे, आई," ती म्हणाली.

ट्रॉली तशीच गडगडत मागच्या माणसांच्या पायांवर निघाली होती. मी ती धरायला धावलो.